परदेशांतील एकांतवास

'खेडें' हा शब्द उच्चारतांच आमच्या डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें, त्यांत माणसांची वाण कोठेंच नसते. भिंतीस भिंत लागलेलीं घरें, पार, पाणवठा, चावडी, आठवड्याचा बाजार; शेतें गांवाबाहेर आणि राहणें गांवांत, ही आमची जुनी रीत. कोणाच्या घरीं कोणती भाजी शिजली हें तिसऱ्या घरास वासावरून कळतें, आणि कोणाचें भांडण झालें हें चवथ्या घरास कान न देतांही कळतें. घटकाभर एकटें बसावयाचें म्हटलें तर मनुष्यास मळ्यांत जावें लागतें. त्यामुळें आमच्या शाळेंतील मुलें परदेशीं जाण्याच्या गोष्टी बोलूं लागतात, तेव्हां त्यांची समजूत अशी असते कीं, एकटेपण वांट्यास येईल तें लंडन-न्यूयॉर्कसारख्या अफाट शहरांत. खेड्यांत गेल्यास काय, चार माणसें सहज भेटतील. ही समजूत सर्वस्वीं चुकीची आहे, आणि जाणाऱ्यानें निघण्यापूर्वींच ती टाकून द्यावी असें आम्हांस वाटतें.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८६२ सालीं एक कायदा झाला. त्या अन्वयें जो कोणी सरकारी पडीत जमिनीवर पांच वर्षें राहून ती लागवडीस आणील, त्यास १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळे. कॅनडानें १८७२ सालीं तोच कित्ता गिरविला. या कायद्यांतील सारी मेख 'राहून' या एका शब्दांत आहे. जमीन हवी असेल तर तिच्यावरच घर बांधिलें पाहिजे. १६० एकर म्हणजे चौरस मैलाचा चवथा हिस्सा. सबब शेजाऱ्याचें घर अर्ध्या मैलावर, आणि मधल्या तुकड्यास मालक मिळाला नाहीं तर त्याहूनही दूर. त्यांत हिवाळा आला म्हणजे तो अर्धा मैलही बर्फाखालीं नाहींसा होई. १८७४ पासून रशियांतून कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतांत आलेल्या मेनोनाइट पंथाच्या शेतकऱ्यांनीं मात्र आपली वडिलोपार्जित चाल सोडली नाहीं. त्यांनीं घरें एका रस्त्याच्या दुतर्फा ओळीनें बांधलीं व शेतें बाहेर ठेविलीं, आमच्या खेड्यांप्रमाणेंच. तोच बर्फ, तोच वारा, तीच जमीन. पण त्यांच्या बायकांस विस्तवाचा निखारा मागण्यास शेजार होता. यावरून असें दिसतें कीं, तेथील एकांत सगळाच निसर्गानें लादलेला नसून पुष्कळसा मोजणीदाराच्या साखळीनें घडविलेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागाची तर गोष्टच निराळी. तेथील ॲना क्रीक नांवाचें गुरें चारण्याचें एकच रान आमच्या सबंध पुणें जिल्ह्याएवढें आहे, आणि त्यावर राहणारी माणसें बोटांवर मोजण्याजोगीं.

'आमच्या मुलांचा या माळरानांशीं काय संबंध?' असें कोणी पालक विचारतील. संबंध आहे, आणि तो वाढत आहे. त्या देशांतील मोठ्या शहरांस डॉक्टरांची उणीव नाहीं. उणीव आहे ती खेड्यांस, कारण तेथील तरुण डॉक्टर खेड्यांत जाण्यास नाखूष असतात. (या बाबतींत सर्व देशांचे डॉक्टर सारखेच!) म्हणून ऑस्ट्रेलियानें १९९७ सालापासून असा निर्बंध घातला कीं, परदेशांत शिकून आलेल्या डॉक्टरानें साधारणतः दहा वर्षें डॉक्टरांची वाण असलेल्या भागांत काम करावें, तरच त्याच्या रोग्यांस सरकारी विम्याचा लाभ मिळेल. अमेरिकेंत १९९४ पासून अशी सवलत आहे कीं, शिक्षणासाठीं आलेल्या परदेशी डॉक्टरास दोन वर्षें मायदेशीं परत राहण्याची अट माफ होऊं शकते. मात्र त्यानें तीन वर्षें अशाच भागांत नोकरी केली पाहिजे. अशा रीतीनें मुंबई-पुण्यांत गर्दींत वाढलेला मुलगा एके दिवशीं डाकोटाच्या गव्हाच्या रानांत जाऊन पडतो.

त्याच्यामागून त्याची पत्नी जाते, आणि खरा एकांतवास तिच्या वांट्यास येतो. त्यास दिवसभर रोगी भेटतात, परिचारिका भेटतात, निदान कोणाशीं चार शब्दांची कुरबुर तरी होते. तिला कोण भेटणार? अमेरिकेंत नोकरीवर गेलेल्या परदेशी माणसांच्या पत्नींपैकीं कांहींना नोकरीची परवानगी मिळूं लागली ती २०१५ पासून. तत्पूर्वीं पदवीधर स्त्रियांनींही वर्षानुवर्षें घरीं बसून काढलीं. मुलगी परदेशीं देतांना आमचे पालक जांवयाचा पगार विचारतात, घराच्या खोल्या विचारतात. घरापासून दुकान किती मैल आहे, तेथें बस जाते काय, आणि नसल्यास मोटार चालविणें आपल्या मुलीस येतें काय, हें विचारणारा पालक आमच्या पाहण्यांत अद्याप आलेला नाहीं.

भारतीय मनुष्याचा या एकांताशीं आलेला संबंध आजचाही नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया व न्यू साउथ वेल्स या भागांत भारतीय फेरीवाले, बहुतेक पंजाबकडील, पाठीवर गांठोडें किंवा घोड्याची गाडी घेऊन एका शेतावरून दुसऱ्या शेतावर हिंडत आणि कापडचोपड, सुया, दोरे, गुंड्या असा माल विकीत. ज्या घरीं आठवडेच्या आठवडे परकें माणूस दृष्टीस पडत नसे, तेथें त्यांची वाट पाहिली जाई. मालासाठीं जितकी, तितकीच दुरून येणाऱ्या बातमीसाठींही. पुढें १९०१ च्या कायद्यानें गोऱ्यांखेरीज इतरांस त्या देशाचीं दारें जवळजवळ बंद झालीं, तेव्हां या फेरीवाल्यांस आपलीं बायकामुलें आणणें दुरापास्त झालें. दुसऱ्यांचा एकांत मोडणारे हे लोक रात्रीं आपल्या गाडीशेजारीं एकटेच निजत, आणि कित्येकांनीं तिकडेच देह ठेविला. त्यांच्यावरील अन्याय झांकण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. पण इतकें खरें कीं, ज्या वाटेनें ते जात त्या वाटेवर ते अनोळखी राहिले नाहींत, कारण त्या वाटेवरच्या घरांस त्यांचें काम पडे.

आतां त्या देशांच्या रहिवाशांनीं स्वतः या दुखण्यावर काय उपाय केला तें पाहूं. कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतांत स्टोनी क्रीक या गांवीं १८९७ सालीं शेतकऱ्यांच्या स्त्रियांची एक संस्था निघाली. महिन्यांतून एकदां जमावयाचें, मुरंबे, शिवण, बालसंगोपन अशा विषयांवर बोलावयाचें आणि घरीं जावयाचें. उद्देश शिक्षणाचा, परंतु खरी गोडी एकत्र जमण्याची. ही चाल १९१५ सालीं समुद्र ओलांडून वेल्समध्यें पोंचली व तेथून साऱ्या इंग्लंडभर पसरली. तशाच धर्तीची संस्था न्यू साउथ वेल्समध्यें १९२२ सालीं निघाली. ऑस्ट्रेलियांत जॉन फ्लिन नांवाच्या एका पाद्रीनें तर याहून मोठें काम केलें. रानांत राहणाऱ्या मनुष्याचा पाय मोडला तर डॉक्टर शेंकडों मैलांवर. फ्लिन यांच्या खटपटीनें क्लॉनकरी या गांवाहून १९२८ च्या मे महिन्यांत पहिला डॉक्टर विमानानें रोग्याकडे गेला. परंतु विमानास बोलवावयाचें कसें? आल्फ्रेड ट्रेगर या तरुण कारागिरानें त्यासाठीं बिनतारी यंत्र तयार केलें. रानांत वीज नाहीं, म्हणून सायकलप्रमाणें पायांनीं पावटे फिरवावयाचे, त्यानें वीज उत्पन्न व्हावयाची आणि तिच्या जोरावर संदेश जावयाचा. १९२९ पासून हीं यंत्रें घरोघर बसूं लागलीं.

येथवरची गोष्ट पुष्कळांस ठाऊक असेल. आम्हांस महत्त्वाची वाटते ती तिची पुढली बाजू. यंत्र बसविलें तें रोग्यासाठीं. परंतु प्रत्यहीं कोणी आजारी पडत नाहीं. तेव्हां ठराविक वेळीं बायका यंत्राशीं बसून एकमेकींशीं बोलूं लागल्या. कोणाच्या घोडीस शिंगरूं झालें, कोणाकडे पाऊस पडला, कोणाच्या पोरास दांत आले. तिकडे गुलाबी रंगाचा एक काकाकुवा आहे, ज्याचे थवे अष्टौप्रहर कलकलाट करितात. त्याचेंच नांव पुरुषांनीं या गप्पांच्या वेळेस थट्टेनें ठेविलें. थट्टा असो, त्या कलकलाटानें किती बायकांचीं डोकीं ठिकाणावर राहिलीं याची मोजदाद कोणीं केली आहे? १९५१ सालीं ॲलिस स्प्रिंग्स येथें याच यंत्रावरून मुलांची शाळा भरूं लागली. मास्तर एका गांवीं, आणि वर्ग हजारों चौरस मैलांवर पसरलेला!

या ठिकाणीं वाचकांनीं क्षणभर थांबावें. हें बिनतारी यंत्र कोणास कोणाशीं जोडीत होतें? इंग्लंडांतून आलेल्या बाईस इंग्लंडांतील माहेराशीं नव्हे. तें तिला साठ मैलांवरच्या शेजारणीशीं जोडीत होतें. जिच्याकडे पडलेला पाऊस उद्यां आपल्याकडे येणार, जिच्याकडून अडीअडचणीस पिठाचें पोतें आणतां येणार, जी आपल्या बाळंतपणांत येऊन पोंचूं शकणार, अशा बाईशीं. माहेरच्या पत्रास आगबोटीनें कित्येक आठवडे लागत, आणि तें आलें म्हणजे डोळ्यांस पदर लागे हें खरें. परंतु दिवस निभावत ते शेजारणीच्या आवाजावर.

आज आमच्या मुलाच्या खिशांत जें यंत्र आहे तें ट्रेगरच्या यंत्राहून सहस्रपट समर्थ आहे. आवाजच काय, आईचा चेहरा, देवघरांतली समई, अंगणांतला मोगरा, सारें त्यांत दिसतें. आम्ही त्याची निंदा करीत नाहीं. आगबोटीच्या टपालाचे दिवस परत यावे असें कोणत्या शहाण्यास वाटेल? परंतु हें यंत्र नेमकें उलट्या बाजूस जोडलेलें आहे. तें मुलास घराशीं जोडतें आणि शेजाऱ्यापासून सोडवितें. उदाहरणार्थ, उत्तर डाकोटाच्या बहुतेक भागांत हिवाळ्यांत घड्याळ आमच्या घड्याळाच्या साडेअकरा तास मागें असतें. पुण्यांत आई सकाळीं सातास चहा घेऊन मुलास हांक मारते, तेव्हां तिकडे आदल्या सायंकाळचे साडेसात झालेले असतात. दिवसाचें काम आटोपून त्या गांवचीं माणसें जर कोठें जमत असतील, शाळेच्या दिवाणखान्यांत, वाचनालयांत, खेळाच्या मैदानावर, तर तीं याच वेळीं. आमचा मुलगा त्या वेळीं दार लावून, बिछान्यावर बसून, मावशीकडच्या बारशाची हकीकत ऐकत असतो. असें वर्षभर चालल्यावर तो म्हणतो, 'येथील लोक माणूसघाणे आहेत. वर्षांत एकानेंही दार ठोठावलें नाहीं.' देहानें तो गेला, पण पोंचला मात्र नाहीं.

म्हणून आमचें स्पष्ट मत असें कीं, खेड्यांत गेलेल्या मुलास आईबापांनीं रोज हांक मारूं नये. पहिले दोन-तीन महिने अपवाद समजावे. नवें रोपटेंही आरंभीं रोजच्या पाण्यावाचून जगत नाहीं. पुढें आठवड्यांतून एकदां, फार तर दोनदां, ठरल्या वेळीं पोटभर बोलावें, आणि ती वेळ मुलाच्या सायंकाळवर घाला घालणारी नसावी. हें वाचून मातृवर्ग आम्हांस निष्ठुर म्हणेल हें आम्ही जाणतों. 'पोर आजारी पडलें तर?' हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. पण उत्तर प्रश्नांतच आहे. पोर तापानें फणफणलें असतां पुण्याहून कोणी औषध नेऊन देणार नाहीं. तें आणून देणारा मनुष्य त्याच्या घरापासून अर्ध्या मैलावर राहतो, आणि त्याची व आपल्या मुलाची ओळख झाली आहे कीं नाहीं, यावर सर्व अवलंबून आहे.

ती ओळख व्हावी कशी? आमच्याकडे दार उघडें असलें म्हणजे शेजारीण आंत येते. तिकडे न विचारतां दुसऱ्याच्या उंबऱ्याशीं जाणें हा अविनय गणला जातो. 'नवीन मनुष्यास स्वस्थता हवी असेल' अशा भावनेनें शेजारी दूर राहतो, आणि आमचा मुलगा त्यास तुच्छता समजतो. तुच्छता मुळींच नसते असें आम्ही म्हणत नाहीं. कातडीचा रंग पाहून तोंड फिरविणारीं माणसें आहेत, आणि त्यांस ओळखून त्यांचा नाद सोडावा हेंच बरें. पण दहा बंद दारांपैकीं बहुतेक संकोचानें बंद असतात. तेथें पहिलें पाऊल नवख्यानेंच टाकावयाचें असतें. तेंही नुसत्या गप्पांसाठीं नव्हे, तर कांहीं निमित्तानें, कांहीं कामानें. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका या तिन्ही देशांच्या खेड्यांत आग विझविण्याचें काम बहुतांशीं गांवकरी स्वयंसेवकच करितात; त्यांत नांव घालावें. पंप हांकतां आला नाहीं तर नोंदवही ठेवावी. प्रत्येकानें एकेक पदार्थ आणून एकत्र जेवण्याची चाल तिकडे सर्रास आहे. तेथें कांदेपोहे न्यावे, मिरची मात्र बेतानें. देवळाच्या दिवाणखान्यांत असे मेळावे पुष्कळदां भरतात. ज्याचा धर्म निराळा आहे त्यासही तेथें खुर्ची मिळते, आणि खुर्च्या मांडावयास हात लाविला तर दुसऱ्या खेपेस नांवानें हांक मिळते. इंग्रजी येत असलें तरी स्कॉटलंडच्या शेतकऱ्याची किंवा टेक्ससच्या गुराख्याची बोली प्रथम कळत नाहीं. पुन्हां विचारण्याची लाज धरूं नये. आणि मोटार चालविणें येथेंच, निघण्यापूर्वीं, शिकून जावें. परवाना तिकडचा काढावा लागला तरी हात बसलेला असतो. विशेषेंकरून मुलींनीं.

काळोखाविषयीं एक शब्द. स्कॉटलंडच्या उत्तरेस डिसेंबरांत दुपारीं साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो. बाराही महिने उन्हांत वाढलेल्या मनावर याचा परिणाम होतो. हिवाळ्याबरोबर येणाऱ्या अशा खिन्नतेचें वर्णन १९८४ सालीं वैद्यकशास्त्रांत रीतसर नोंदलें गेलें आणि तीवर उपचार आहेत. जेवण नकोसें होणें, झोंप उडणें किंवा दिवसभर येत राहणें, कशांत रस न वाटणें, हें दोन आठवड्यांहून अधिक चाललें तर डॉक्टरांकडे जावें. 'मन घट्ट कर' एवढें सांगून पालकांनीं तेथें थांबूं नये. मोडलेल्या पायास कोणी मन घट्ट करावयास सांगत नाहीं.

आमच्याच मातींतील एका मनुष्याचें उदाहरण येथें सांगण्याजोगें आहे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे तरुणपणीं क्रांतिकार्यासाठीं देशाबाहेर पडले. अमेरिकेंत त्यांनीं शेतकीचें शिक्षण घेतलें, गदर चळवळींत भाग घेतला, आणि इंग्रज सरकारचा रोष असल्यामुळें स्वदेशाचीं दारें त्यांस बंद झालीं. १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोंत गेले. त्या देशांत मराठी बोलणारें कोण असणार? ते स्पॅनिश भाषेंत शिकवूं लागले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयांत ते अध्यापक झाले, मक्याच्या व गव्हाच्या जातींवर त्यांनीं संशोधन केलें, आणि तेवढ्यावर न थांबतां गरीब शेतकऱ्यांसाठीं मोफत शेतकी शाळा काढण्यांत पुढाकार घेतला. डिएगो रिव्हेरा या ख्यातनाम चित्रकारानें मेक्सिकोच्या शिक्षणखात्याच्या इमारतीवर काढलेल्या एका भित्तिचित्रांत भाकरी मोडून वांटणारा जो पुरुष आहे, त्यास खानखोजे यांचा चेहरा दिलेला आहे. स्वदेश स्वतंत्र झाल्यावर पुढें ते परत आले आणि १९६७ सालीं नागपुरास वारले. त्यांस घरची आठवण येत नसेल असें कोण म्हणेल? पण तेथील कणसांत त्यांनीं हात घातला होता, आणि त्या लोकांनीं त्यांस आपल्या पंगतीस बसविलें.

राहिला पालकांच्या आठवड्याच्या संभाषणाचा प्रश्न. आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'जेवलास काय?' तो अवश्य विचारावा. त्यावांचून आईस चैन पडणार नाहीं. परंतु त्यानंतर 'मावशीनें तुला विचारलें आहे' येथें न वळतां, तिकडचें विचारावें. पलीकडच्या शेतावरच्या म्हाताऱ्याचें नांव काय? त्याची गाय व्याली काय? दारांतला बर्फ कोणीं काढिला, आणि तूं कोणाचा काढिलास? पहिल्या कांहीं आठवड्यांत मुलास या प्रश्नांचीं उत्तरें देतां येणार नाहींत. तरी पुढल्या आठवड्यास तेच प्रश्न पुन्हां विचारावे.